डायल-अपची लॉगिन स्क्रिप्ट आणि तिची दुरुस्ती : घणसोली परिसराच्या दूरसंचार-इतिहासातील एक प्रकरण

ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले घणसोली हे आगरी-कोळी समाजाचे जुने गाव असून, भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर तेथील पिढ्यांचा संसार चालत आला. १९६०च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी घेण्यास आरंभ केला, १७ मार्च १९७० रोजी नवे शहर वसवण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांत घणसोलीही आले. या गावांचा इतिहास त्यामुळे स्वाभाविकपणेच जमिनीच्या भाषेत लिहिला गेला आहे. भूसंपादन, भरपाई, १९८४ मध्ये जासईला आंदोलकांवर झालेला गोळीबार, शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढा आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना हे त्या इतिहासाचे टप्पे होत, आणि त्यांचे महत्त्व वादातीत आहे. मात्र याच भूमीवर गेल्या चार दशकांत दूरसंचाराचाही एक इतिहास घडला, आणि त्यातील एक प्रकरण असे आहे की ज्याची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात सापडण्याचा संभव नाही, कारण ते घराघरांतील आणि लहान कार्यालयांतील संगणकांवर, काही ओळींच्या एका साध्या मजकुरात घडले. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडून देणारा हा मजकूर म्हणजे ‘लॉगिन स्क्रिप्ट’ होय, आणि संगणकाची कार्यप्रणाली बदलली की तो पुन्हा चालता करणे हे त्या काळातील एक नेहमीचे, पण कौशल्याचे काम होते.

या प्रकरणाची पार्श्वभूमी समजण्यासाठी १ एप्रिल १९८६ हा दिवस लक्षात घ्यावा लागतो. त्या दिवशी दोन सरकारी कंपन्यांचा कारभार सुरू झाला. महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल, हिच्याकडे मुंबई आणि दिल्लीची स्थानिक दूरध्वनी सेवा आली, तर विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, हिच्याकडे परदेशाशी होणारा सर्व दूरसंचार आला. एमटीएनएलच्या मुंबई क्षेत्रात ठाणे आणि नवी मुंबई यांचा समावेश असल्याने घणसोलीचा दूरध्वनी हा ०२२ या क्रमांकाखालील, म्हणजे मुंबईचाच दूरध्वनी ठरला. ही बाब वरवर किरकोळ वाटते, परंतु पुढे डायल-अपच्या काळात तिला मोठा अर्थ आला. डायल-अप म्हणजे साध्या दूरध्वनीवरून सेवादात्या कंपनीच्या संगणकाला फोन लावून जोडणी घेणे. ती जोडणी जितका वेळ चालू राही तितका वेळ फोनचे मीटरही चालत असे. मुंबईतील नोड, म्हणजे फोन उचलणारे केंद्र, घणसोलीहून स्थानिक कॉलच्या दरात गाठता येत होते, तर पारसिकपलीकडच्या कल्याणचा क्रमांक ०२५१ असल्याने तेथून मुंबईचे तेच केंद्र गाठणे ही खर्चाची बाब होती. औद्योगिक पट्ट्यातील कार्यालयांना आणि गावठाणातील घरांना मिळालेली ही सवलत कोणी ठरवून दिलेली नव्हती. दूरध्वनी क्षेत्राच्या सीमा आखताना ती आपोआप पदरात पडली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सुरू केली. मुंबईच्या फोर्ट भागातील विदेश संचार भवन हे तिचे मुख्यालय होते आणि ‘गेटवे इंटरनेट अॅक्सेस सर्व्हिस’ असे या सेवेचे नाव होते. त्या नावाची आद्याक्षरे खातेदारांच्या ई-मेल पत्त्यांतही आली. मुंबईच्या खातेदाराच्या पत्त्यात ‘गियास’नंतर मुंबईची खूण म्हणून ‘बीएम’ आणि ‘०१’ हा यंत्रक्रमांक असे, पुण्याच्या पत्त्यात ‘पीएन’ असे. सुरुवातीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट इतका होता. खाती मुख्यत्वे दोन प्रकारची होती. ‘शेल’ खाते स्वस्त होते. त्यात ग्राहकाचा संगणक केवळ पडदा आणि कळफलक म्हणून वापरला जाई, सारे काम व्हीएसएनएलच्या युनिक्स यंत्रावर चाले आणि चित्रांशिवाय फक्त अक्षरे दिसत, वाचनासाठी ‘लिंक्स’ आणि पत्रांसाठी ‘पाइन’ असे कार्यक्रम असत. ‘टीसीपी-आयपी’ खाते महाग होते. त्यात ग्राहकाचा संगणक स्वतःच इंटरनेटचा घटक होई आणि चित्रांसह पाने पाहता येत. विद्यार्थ्यांसाठी शेल खाते पाचशे रुपयांत मिळे, तर व्यक्तीला टीसीपी-आयपी खात्यासाठी पंधरा हजार रुपये मोजावे लागत. ही तफावत पाहता पहिल्या पिढीतील अनेक तरुणांची इंटरनेटशी ओळख अक्षरांच्या काळ्या पडद्यावरच का झाली, हे सहज कळते.

लॉगिन स्क्रिप्टची गरज या युनिक्स यंत्रांच्या स्वभावातून निर्माण झाली. ती यंत्रे समोर माणूस बसला आहे असे गृहीत धरून घडवलेली होती. मोडेम, म्हणजे संगणकाच्या अंकीय संकेतांचे टेलिफोनच्या तारेवरून जाऊ शकणाऱ्या ध्वनीत रूपांतर करणारे उपकरण, पलीकडच्या मोडेमशी जुळले की यंत्र स्वागताचा मजकूर दाखवी, नंतर ‘लॉगिन’ या शब्दापुढे अपूर्णविराम देऊन थांबे, नाव मिळाले की ‘पासवर्ड’ असे विचारून पुन्हा थांबे. माणसाने ते वाचावे आणि उत्तर टंकावे, अशी ही रीत होती. रोज हेच टंकण्याचा कंटाळा आलेल्या, किंवा जोडणी आपोआप व्हावी अशी गरज असलेल्या वापरकर्त्यासाठी स्क्रिप्ट ही माणसाची जागा घेई. तिची रचना फार साधी होती : अमुक अक्षरे येईपर्यंत थांब, ती आली की तमुक अक्षरे पाठव, मग पुढील अक्षरांसाठी थांब. विंडोजच्या भाषेत थांबण्याच्या आज्ञेला ‘वेटफॉर’ आणि पाठवण्याच्या आज्ञेला ‘ट्रान्समिट’ म्हणत. नाव पाठवल्यानंतर एंटर कळ दाबल्याची खूण स्वतंत्रपणे पाठवावी लागे, आणि ती विसरली तर दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत बसत, शेवटी पलीकडचे यंत्र कंटाळून फोन ठेवून देई.

या साधेपणातच तिची नाजूकताही होती. माणूस ‘लॉगिन’ हा शब्द मोठ्या लिपीत असो की लहान, त्याआधी दोन ओळी जास्त असोत की कमी, त्याचा अर्थ ओळखतो. स्क्रिप्ट मात्र अक्षरन् अक्षर जुळले तरच पुढे सरकते. म्हणून जाणकार मंडळी त्या इंग्रजी शब्दांचे पहिले अक्षर मुद्दाम गाळून उरलेल्या तुकड्याचीच वाट पाहण्याची आज्ञा लिहीत. त्यामुळे पहिले अक्षर मोठे आले की लहान, हा प्रश्न उरत नसे, आणि जोडणी नुकतीच जुळत असताना तारेवरील खरखरीत ते अक्षर हरवले तरी काम अडत नसे. युनिक्स यंत्रे प्रवेश मिळाल्यावर ‘मागील लॉगिन अमुक वेळी’ अशी एक सूचना दाखवीत. त्या सूचनेतही तोच शब्द आणि तोच अपूर्णविराम असल्याने बेसावधपणे लिहिलेली स्क्रिप्ट तेथे पुन्हा नाव पाठवून मोकळी होई. शेल खात्यावरून चित्रे पाहण्यासाठी ‘स्लर्प’ किंवा ‘टिआ’ यांसारखे कार्यक्रम वापरणाऱ्यांच्या स्क्रिप्टमध्ये तर तिसरी पायरी असे : आत शिरल्यावर शेलचे चिन्ह येईपर्यंत थांबायचे आणि मग तो कार्यक्रम सुरू करण्याची आज्ञा पाठवायची. पायरी जितकी अधिक, तितकी मोडण्याची जागाही अधिक.

कार्यप्रणालीतील पहिला मोठा बदल सेवेच्या जन्माबरोबरच आला. व्हीएसएनएलची सेवा सुरू झाल्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २४ ऑगस्ट १९९५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ बाजारात आणली. त्याआधीच्या विंडोज ३.१मध्ये इंटरनेटची सोय अंगभूत नव्हती, आणि ती उणीव टास्मानियातील पीटर टॅटम यांनी लिहिलेल्या ‘ट्रम्पेट विनसॉक’ या कार्यक्रमाने भरून काढली होती. जगभर लक्षावधी लोकांनी तो वापरला. त्यांतील बहुतेकांनी त्याचे माफक शुल्कही भरले नाही, ही त्या काळातील एक खेदाची बाब आहे. ट्रम्पेटची लॉगिन स्क्रिप्ट ‘लॉगिन डॉट सीएमडी’ या फाइलीत असे आणि तिची आज्ञावली स्वतंत्र होती. वापरकर्त्याने विंडोज ९५ टाकली की तिच्यातील ‘डायल-अप नेटवर्किंग’ ही सोय या फाइलीकडे ढुंकूनही पाहत नसे, आणि शिवाय ‘विनसॉक’ नावाच्या दोन फाइली, एक ट्रम्पेटची आणि एक विंडोजची, एकाच यंत्रावर राहिल्या तर चुकीची फाइल आधी उचलली जाऊन ब्राउझर बंद पडे. दुरुस्तीची पहिली पायरी म्हणून जुनी फाइल शोधून तिचे नाव बदलणे आवश्यक ठरे.

दुसरी पायरी अधिक कष्टाची होती. मूळ विंडोज ९५मध्ये स्क्रिप्ट चालवण्याचे साधन आपोआप बसवले जात नव्हते. ते सीडीवरील एका आतल्या फोल्डरमध्ये किंवा ‘प्लस’ या वेगळ्या विकल्या जाणाऱ्या संचात होते, त्यामुळे फ्लॉपी डिस्कच्या संचातून विंडोज टाकलेल्या ग्राहकाच्या हाती ते येतच नसे. अशा वेळी जोडणीच्या गुणधर्मांत ‘डायल केल्यानंतर टर्मिनल खिडकी उघडा’ असा पर्याय निवडून दर वेळी नाव आणि पासवर्ड हाताने टंकावे लागत आणि नंतर एफ-७ ही कळ दाबून पुढे जावे लागे. अनुभवी दुरुस्तीकार याच खिडकीचा उपयोग करून घेत. पडद्यावर काय काय येते, कोणत्या क्रमाने येते, अपूर्णविरामानंतर मोकळी जागा आहे की नाही, हे ते कागदावर जसेच्या तसे उतरवून घेत आणि त्या नोंदीवरून नवी, ‘एससीपी’ या तीन अक्षरांनी संपणारी स्क्रिप्ट लिहीत. आधी ऐकणे आणि मग लिहिणे हा या कामाचा क्रम होता, आणि जो तो उलटा करी त्याच्या हाती काही लागत नसे. याच सुमारास इतर काही अकारण अडथळेही दूर करावे लागत : ‘नेटवर्कवर लॉग ऑन करा’ ही खूण विंडोज मुळातच करून ठेवी, नेटबीईयूआय आणि आयपीएक्स हे कार्यालयांतर्गत जाळ्यांसाठीचे दोन प्रोटोकॉल, म्हणजे संभाषणाचे नियमसंच, विनाकारण चालू असत, आणि त्यांमुळे जोडणीला अर्धा मिनिट अधिक लागे. मीटर चालू असताना अर्ध्या मिनिटालाही किंमत होती.

विंडोज ९८मध्ये स्क्रिप्टचे साधन जोडणीच्या गुणधर्मांतच आले, परंतु विंडोज २००० आणि २००१ मधील एक्सपी या विंडोजच्या एनटी या वेगळ्या घराण्यातील होत्या आणि त्यांची मांडणी निराळी होती. ज्या स्क्रिप्ट पूर्वी ‘अॅक्सेसरीज’ फोल्डरमध्ये ठेवल्या जात, त्यांची जागा आता ‘सिस्टिम ३२’च्या पोटातील ‘रास’ या फोल्डरमध्ये गेली. स्क्रिप्ट निवडण्याचा पर्याय सुरक्षेच्या पानावर सरकला. आणि पूर्वी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, असलेल्या जोडण्या ‘फोनबुक’ नावाच्या वेगळ्या फाइलीत जाऊन बसल्या. मराठी बोलण्यात ज्याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात, म्हणजे हार्ड डिस्क पूर्ण पुसून ‘विंडोज टाकणे’, तो उपाय त्या काळी सर्रास केला जाई, आणि त्यात स्क्रिप्टची एकुलती एक प्रतही पुसली जाई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकांच्या त्या जगात कार्यप्रणाली बसवणारा हार्डवेअरवाला सर्वत्र भेटे, परंतु जोडणीची स्क्रिप्ट आधी फ्लॉपीवर उतरवून घ्यावी, एवढी काळजी घेणारा क्वचित भेटे.

लिनक्स वापरणाऱ्यांची कहाणी याहून उद्बोधक आहे, कारण तेथे बदलांची कारणे उघडपणे लिहिलेली असत. १९९६ पासून ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या, आणि त्या उपक्रमामागील प्रमुख व्यक्तींपैकी एक, अतुल चिटणीस, हे बेळगावात वाढले आणि शिकले होते. लिनक्समध्ये ‘पीपीपीडी’ हा कार्यक्रम ‘पीपीपी’ या प्रोटोकॉलने इंटरनेटची जोडणी सांभाळी आणि ‘चॅट’ नावाचा छोटा कार्यक्रम लॉगिनचे संभाषण पार पाडी. चॅटची रचना तर विंडोजहूनही आटोपशीर होती; एकाच ओळीत अपेक्षित अक्षरे आणि उत्तर यांच्या जोड्या लिहिल्या जात, आणि अपेक्षित शब्द आला नाही तर एंटर पाठवून पुन्हा थांबण्याची सूचना दोन आडव्या रेघांनी देता येई. जानेवारी १९९९ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची २.२ ही आवृत्ती आली, आणि मोडेमसाठी वर्षानुवर्षे वापरली गेलेली ‘सीयूए’ या नावाची उपकरण-फाइल कालबाह्य ठरवून ‘टीटीवायएस’ हे नाव वापरण्याची सूचना झाली. जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘सीयूए’ हेच नाव असल्याने आधी इशारे आणि पुढे थेट अपयश पदरी येऊ लागले. पीपीपीडीच्या २.३ मालिकेत आणखी मोठा धक्का होता. सुरक्षेच्या दृष्टीने, संगणकाला आधीच दुसरे जाळे जोडलेले असेल तर समोरच्या यंत्राने आपली ओळख पटवावी, अशी मागणी हा कार्यक्रम आपणहून करू लागला. सेवादात्याचे यंत्र ग्राहकाला स्वतःची ओळख कधीच पटवून देत नाही, त्यामुळे नाव आणि पासवर्ड बरोबर असूनही जोडणी तुटे, आणि ‘नोऑथ’ हा एक शब्द पर्यायांत लिहिला की सारे सुरळीत होई. जानेवारी २००१ मधील २.४ या गाभ्याबरोबर जुना पीपीपीडी चालेनासा झाला आणि गाभ्यात पीपीपीची सोयच नाही, असा दिशाभूल करणारा संदेश तो देऊ लागला. सोय होती, फक्त पीपीपीडीदेखील २.४ आवृत्तीचा हवा होता.

या सर्व बिघाडांत एक समान सूत्र दिसते. पासवर्ड चुकला नव्हता, मोडेम बिघडला नव्हता, एमटीएनएलची लाइनही चालू होती. तरीही जोडणी होत नव्हती, कारण लॉगिन स्क्रिप्ट ही ना कार्यप्रणाली बनवणाऱ्याची जबाबदारी होती, ना सेवादात्याची. दोघांच्या सांध्यावर ती उभी होती, आणि दोहोंपैकी कोणीही काही बदलले की तिचा तोल जाई. सेवादात्याची मदतवाहिनी कार्यप्रणालीकडे बोट दाखवी आणि विक्रेता सेवादात्याकडे, म्हणून दुरुस्ती अखेर वापरकर्त्यावर किंवा त्याच्या ओळखीच्या जाणत्या माणसावर येऊन पडे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कारखान्यांच्या कार्यालयांतून जेव्हा ई-मेलने मागणीपत्रके जाऊ लागली, तेव्हा हे जाणते काम पोटापाण्याचेही झाले. खाडीच्या काठावरील या पट्ट्याच्या श्रमेतिहासात रसायनकामगार, माथाडी आणि वीटभट्टीवरील मजूर यांच्याबरोबर या दुरुस्तीकारांचीही गणना व्हायला हवी. त्यांची संख्या लहान होती आणि संघटना नव्हती, पण ज्या काळात संगणक विकणारे अनेक आणि तो जोडून देणारे थोडे होते, त्या काळात हे काम अडले की कार्यालयाचा सारा पत्रव्यवहार अडत असे.

स्क्रिप्टची गरज संपली ती मात्र कोणत्याही दुरुस्तीने नव्हे. ‘पॅप’ ही पद्धत, जिच्यात नाव आणि पासवर्ड अक्षरांच्या संभाषणाऐवजी पीपीपीच्या पाकिटांतूनच जातात, १९९२ मध्येच प्रमाणित झाली होती. सेवादात्यांनी ती हळूहळू स्वीकारल्यावर ‘लॉगिन’ हा शब्द पडद्यावर येणेच थांबले. संक्रमणाच्या त्या काळात जुन्या स्क्रिप्टच अडसर ठरल्या, कारण त्या न येणाऱ्या शब्दाची वाट पाहत राहत आणि टर्मिनल खिडकीत लाटेच्या आकाराच्या चिन्हापासून सुरू होणारी निरर्थक भासणारी अक्षरे उमटत. ती अक्षरे म्हणजे पलीकडच्या यंत्राने पीपीपी सुरू केल्याची खूण होती, आणि ती ओळखणारा दुरुस्तीकार स्क्रिप्ट सरळ काढून टाकी. १९९८च्या अखेरीस खासगी सेवादात्यांना परवानगी मिळाली, २००२ मध्ये व्हीएसएनएल टाटा समूहाकडे गेली आणि २००८ मध्ये तिचे टाटा कम्युनिकेशन्स असे नामांतर झाले. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिटचा वेग ठरवला. पुढील वर्षी एमटीएनएलची ट्रायबँड सेवा आली आणि नाव-पासवर्ड मोडेम-राउटरमध्येच कायमचे जाऊन बसले.

घणसोलीच्या शेजारी, कोपरखैरण्यातील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून रिलायन्स इन्फोकॉमचा कारभार चाले. तिच्या सेवेचा आरंभ डिसेंबर २००२ मध्ये झाला होता. पुढे घणसोलीतच रिलायन्स कॉर्पोरेट पार्क उभे राहिले आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी व्यापारी सेवा सुरू केलेल्या जिओचा कारभार तेथून होऊ लागला. तिच्या जाळ्यात ग्राहकाची ओळख सिमकार्डमधील गुप्त संख्येवरून पटवली जाते. ग्राहकाला काही टंकावे लागत नाही आणि काही विचारलेही जात नाही. विंडोज १०च्या ‘सिस्टिम ३२’मधील ‘रास’ फोल्डरमध्ये मात्र नमुन्यादाखल ठेवलेल्या जुन्या लॉगिन स्क्रिप्ट अजूनही सापडतात, आणि त्यांतील एक कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी सेवेसाठी लिहिलेली आहे, जिची मूळ सेवा २००९ मध्येच बंद झाली.